दवाखान्याच्या भिंतीवर नसलेला आकडा

संध्याकाळी सात ते नऊ ही पुण्यातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची गर्दीची वेळ. ऑफिसं सुटलेली असतात, उन्हाचा ताप उतरलेला असतो. कोथरूड असो, औंध असो की हडपसर, बाहेरच्या बाकांवरचं दृश्य साधारण सारखंच. एका टोकाला लॅब्रॅडॉर जीभ बाहेर काढून धापा टाकतोय, दुसऱ्या टोकाला टोपलीतलं मांजर गुरगुरतंय, मधे एखादी कॉलेजातली मुलगी गल्लीतलं खरजेनं भरलेलं पिल्लू ओढणीत गुंडाळून बसलीय. आत भिंतीवर वाचण्यासारखं पुष्कळ असतं. कुत्र्यांच्या जातींचा तक्ता, गोचिडीचं जीवनचक्र, खाद्यकंपनीचं कॅलेंडर, पिल्लाला कितव्या आठवड्यात कोणती लस याचं वेळापत्रक. काउंटरवर यूपीआयचा क्यूआर कोड. पैसे कुठे भरायचे ते लगेच कळतं. किती भरायचे, ते बहुतेक भिंतींवर लिहिलेलं नसतं.

फोन करून विचारावं, तर ‘घेऊन या, डॉक्टर बघून सांगतील’ हे उत्तर ठरलेलं. आजारी जनावराच्या बाबतीत ते रास्तच आहे. न तपासता कोण काय सांगणार? पण रेबीजच्या लशीलाही हेच उत्तर मिळतं, नखं कापण्यालाही मिळतं, टाके काढण्यालाही मिळतं. या कामांत तपासून ठरवण्यासारखं फारसं काही नसतं.

आणि माणसंही विचारायला कचरतात. भाजीच्या गाड्यावर दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस इथे गप्प असतो. टेबलावर थरथरणाऱ्या जिवासमोर पैशांचं विचारलं तर डॉक्टरांना काय वाटेल, आपल्याला जनावराची माया नाही असं तर वाटणार नाही ना, हा संकोच आड येतो. मग विचारणं होतं ते थेट काउंटरवर, सगळं झाल्यावर. तेव्हा उत्तर कळून काही उपयोग नसतो.

पार्व्होचा तिसरा दिवस

या गप्पपणाची किंमत कशी मोजली जाते ते पाहायचं असेल, तर पार्व्हो झालेल्या पिल्लाची केस पाहावी. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या, लशी अपुऱ्या राहिलेल्या पिल्लांना हा विषाणू गाठतो. आधी खाणं बंद, मग उलट्या, मग रक्ताळलेली, उग्र वासाची जुलाबाची धार. दवाखान्यात आल्यावर विष्ठेचा नमुना घेऊन छोट्या किटवर चाचणी होते आणि काही मिनिटांत रेघ उमटते. विषाणूवर थेट असं औषध नेहमीच्या दवाखान्यात नसतं. पिल्लाच्या शरीरातलं पाणी आणि क्षार टिकवायचे, उलटी थांबवायची, आतड्यांतून रक्तात जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविकं द्यायची आणि त्याच्या स्वतःच्या शरीरानं लढाई जिंकेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. त्यासाठी पुढच्या पायाला व्हेनफ्लॉन लावून रोज सलाईन. बहुधा चार-पाच दिवस, कधी आठवडा.

हे किती दिवस चालेल ते पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून एकूण खर्चही सांगता येत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. पण एका दिवसाचा खर्च मात्र सांगता येतो. सलाईन किती, इंजेक्शनं कोणती, देखभालीचे किती, विलगीकरणातल्या पिंजऱ्याचे किती, हे सगळं दवाखान्याला पाठ असतं. ‘रोजचे अमुक, चार दिवस धरून चला, सहाही लागू शकतील’ एवढं वाक्य पहिल्या संध्याकाळी कानावर पडलं, तर घरी बसून हिशेब करता येतो, भावाकडून उसने मागता येतात, सरकारी दवाखान्याचा पर्याय शोधता येतो.

ते वाक्य न आल्यास काय होतं? पहिले दोन दिवस माणसं मागतील तेवढे देतात. तिसऱ्या दिवशी खिसा आटतो आणि पिल्लू अर्ध्या उपचारातून घरी नेलं जातं. पार्व्होमध्ये हाच काळ सगळ्यात नाजूक. गेलेला पैसा वाया जातो, पिल्लू दगावतं. डॉक्टरांबद्दल कायमचा राग मनात राहतो तो वेगळाच. आधीच परवडत नाही म्हणून सोडून दिलेला उपचार आणि मधेच तुटलेला उपचार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी टाळता येते.

नसबंदी एकच, दर वेगळे

मादी कुत्रीच्या नसबंदीचा दर एका शहरात दोन दवाखान्यांत दुप्पट-तिप्पट वेगळा ऐकायला मिळतो. ऐकणारा लगेच ठरवून टाकतो की एक लुटतोय आणि दुसरा सज्जन आहे. खरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभं राहिलं की कळते.

एके ठिकाणी इंजेक्शननं भूल दिली जाते, पोट उघडून गर्भाशय आणि बीजांडकोश काढले जातात, टाके घातले जातात आणि शुद्धीवर येऊ लागली की कुत्री घरी. दुसऱ्या ठिकाणी आदल्या दिवशी रक्ताची तपासणी होते, कारण मूत्रपिंड आणि यकृत ठीक नसतील तर भूल जिवावर बेतू शकते. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाते, मग आयसोफ्लुरेन वायूवर भूल चालू राहते. जिभेला लावलेली क्लिप रक्तातला प्राणवायू दाखवत राहते, एक माणूस फक्त त्या पडद्याकडे बघायला उभा असतो. नंतर वेदनाशामक, संध्याकाळपर्यंत देखरेख, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू, दहाव्या दिवशी टाके काढणं हे सगळं त्याच पैशात. शिवाय भुलीचं औषध वजनावर ठरतं. तीन किलोच्या पॉमला लागतं त्याच्या दहापट पस्तीस किलोच्या रॉटवायलरला लागतं.

म्हणून नुसता आकडा लिहिणं पुरेसं नाही. त्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, ते लिहिलं तर त्याला अर्थ येतो. अनेक पशुवैद्यकांची दरफलकाला जी हरकत असते तिचं मूळ इथेच आहे. लोक फक्त आकडा बघतील, स्वस्त तिकडे पळतील आणि नीट भूल देणारा माणूस महाग ठरेल, ही त्यांची भीती. भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. आज घडतंय ते उलटंच. काय मिळतं ते कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे मालक ऐकीव आकड्यांचीच तुलना करतो, आणि ज्यानं मॉनिटरवर पैसे घातले त्याला त्या मॉनिटरचं श्रेय मिळत नाही.

खर्चाचा अंदाज नसला की माणसं नसबंदी पुढे ढकलतात. ‘बघू पुढच्या वर्षी.’ मग एखाद्या वर्षी माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी कुत्री खूप पाणी पिऊ लागते, खाणं सोडते, सुस्त पडते. गर्भाशयात पू झालेला असतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. पू बाहेर येत असला तर निदान कळतं तरी. आतच साठला तर कळेपर्यंत उशीर होतो. आता तीच शस्त्रक्रिया रात्री, ताप असलेल्या, रक्तात विष पसरत चाललेल्या जनावरावर करायची. सोनोग्राफी, सलाईन, दाखल करून ठेवणं, सगळं वाढतं. धोका वाढतो आणि बिल ठरवून केलेल्या नसबंदीच्या कितीतरी पट होतं.

ब्रिटनमध्ये विचारणा झाली तेव्हा

हा प्रश्न एका देशानं गंभीरपणे हातात घेतला आणि तळापर्यंत नेला. ब्रिटनमध्ये बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी सरकारी संस्था आहे, कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटी, म्हणजे सीएमए. सप्टेंबर २०२३ मध्ये तिनं पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांचा आढावा घ्यायचं ठरवलं आणि लोकांना अनुभव कळवायला सांगितलं. सुमारे ५६ हजार उत्तरं आली. त्यांतली ११ हजारांच्या आसपास तर याच क्षेत्रात काम करणाऱ्यांची होती. पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना किती साठलं होतं, ते या संख्येवरून कळतं.

मार्च २०२४ मध्ये सीएमएनं प्राथमिक निष्कर्ष मांडले. ८० टक्क्यांहून जास्त दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर अगदी साध्या सेवांचेही दर नव्हते. लोक चार ठिकाणी चौकशी करत नव्हते, सगळीकडे साधारण सारखेच पैसे पडत असतील असं धरून चालत होते. आणि ज्या दवाखान्यात ते वर्षानुवर्षं जात होते त्याचा मालक बदललाय, हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. २०१३ मध्ये तिथले दहा टक्के दवाखाने मोठ्या समूहांकडे होते. दहा वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेलं. दारावरची जुनी पाटी मात्र अनेक ठिकाणी तशीच राहिली. लंडनच्या उपनगरात ‘आपल्या डॉक्टरकडे’ कुत्रा नेणारा माणूस प्रत्यक्षात एका बड्या साखळीच्या शाखेत जात होता.

मे २०२४ मध्ये रीतसर चौकशी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तात्पुरता निर्णय आला. त्यातले आकडे बोलके आहेत. २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय सेवांचे दर ६३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे महागाईच्या वेगाला बरंच मागे टाकून. मोठ्या समूहांच्या दवाखान्यांत लोक स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्के जास्त पैसे मोजत होते. उपाय म्हणून सीएमएनं सुचवलं ते असं: दवाखान्यांनी दरपत्रक जाहीर करावं, ५०० पौंडांच्या वरच्या उपचारांचा अंदाज आधी लेखी द्यावा, बिल बाबवार द्यावं, दवाखाना कोणत्या समूहाच्या मालकीचा आहे ते स्पष्ट लिहावं आणि औषधाची चिठ्ठी लिहून देण्याचं शुल्क १६ पौंडांच्या वर नेऊ नये. चिठ्ठी हातात असली की औषध बाहेरून घेता येतं, आणि ऑनलाइन तेच औषध पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळतं.

ही लढाई तिथेही जुनी आहे. औषधांच्या किमतींबद्दल २००३ मध्येच एक चौकशी झाली होती आणि २००५ मध्ये त्यावर आदेशही निघाला होता. मग वीस वर्षांनी पुन्हा चौकशी का लागली? एक कारण सीएमएनं स्वतःच दाखवलं. तिथला पशुवैद्यकांचा कायदा १९६६ चा. तो पशुवैद्यकाला बांधतो, दवाखान्याच्या मालक कंपनीला बांधत नाही. १९६६ मध्ये डॉक्टर हाच मालक होता, त्यामुळे ते चालून गेलं.

इकडे हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि तोही नोंदणी करतो ती पशुवैद्यकाची, व्यक्तीची. आणि साखळ्या आपल्याकडेही येऊ लागल्या आहेत. ब्रिटनमधल्या सहा मोठ्या समूहांपैकी लिनिअस हा समूह मार्स कंपनीचा. त्याच मार्सनं भारतातल्या क्राउन व्हेट या साखळीत गुंतवणूक केली आहे. यात वावगं काही नाही. मोठं भांडवल आलं की यंत्रसामग्री येते, रात्रीचे डॉक्टर येतात, आणि काही साखळ्या दर ठरवून सांगण्यात एकट्या डॉक्टरपेक्षा पुढेही असतात. पण मालकी डॉक्टरच्या हातून कंपनीच्या हाती जाते तेव्हा नियम कुणाला लावायचा, हे आधी ठरवलेलं बरं.

माणसांना पाटी, प्राण्यांना नाही

आपल्याकडे माणसांच्या डॉक्टरांसाठी हा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय की डॉक्टरनं आपलं शुल्क दवाखान्यातल्या फलकावर लावावं आणि ते उपचार सुरू होण्याआधी सांगावं, मधेच किंवा नंतर नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत बदल केला आणि रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावावेत असं बंधन घातलं. त्याची अंमलबजावणी किती होते हा वेगळा विषय. पण पाटी नसेल तर रुग्णाचा नातेवाईक बोट दाखवून विचारू शकतो, हे महत्त्वाचं.

प्राण्यांचा दवाखाना या नियमांत येत नाही. शुश्रूषागृह म्हणजे माणसांचं.

पशुवैद्यकांमध्ये एक समज असाही असतो की दर लावणं म्हणजे जाहिरात, आणि जाहिरात करून गिऱ्हाईक ओढणं व्यवसायाच्या शिष्टाचारात बसत नाही. पण माणसांच्या डॉक्टरांनाही जाहिरातीची मनाई आहे, आणि त्याच आचारसंहितेनं त्यांना दरफलक सक्तीचा केलाय. आपल्याच दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेला आकडा ही माहिती आहे, जाहिरात नाही. जाहिरातीची मनाई आणि दरफलक या दोहोंत कसलाही विरोध नाही.

मोजक्या ठिकाणी ठरलेले दर आजही चालतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत सेवाशुल्क शासनानं ठरवून दिलेलं असतं, केसपेपर निघतो, पावती मिळते. मात्र ती व्यवस्था मुळात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभी राहिलेली. शहरातला माणूस संध्याकाळी साडेसातला मांजर घेऊन निघतो तेव्हा तो दवाखाना बंद झालेला असतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. शेजारीच १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. दूरच्या उपनगरांतून लोक लोकल-टॅक्सी करून तिथे जनावरं आणत आले आहेत, कारण तिथे खिशाला झेपेल असं काही मिळेल याची खात्री असते. ही खात्री हाच खरा दरफलक.

दुसरं टोक महालक्ष्मीला आहे. टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय तिथे जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. १६५ कोटींचा खर्च, सुमारे ९८ हजार चौरस फुटांची इमारत, चोवीस तास सेवा. सीटी स्कॅन, एमआरआय, अतिदक्षता विभाग या गोष्टी कुत्र्या-मांजरांसाठी तिथे उपलब्ध झाल्या. उपचारांची मजल जितकी लांब जाईल तितकं ‘कुठपर्यंत जायचं’ हे ठरवणं मालकाला कठीण होत जाणार. ते ठरवायला त्याला दोन गोष्टी लागतात, जगण्याची शक्यता किती आणि खर्च किती. पहिली डॉक्टर आवर्जून सांगतात. दुसरीही त्याच श्वासात यायला हवी.

काउंटरच्या आतल्या बाजूनं

साडेपाच वर्षांचं शिक्षण घेऊन परभणी, उदगीर, शिरवळ किंवा नागपूरहून बाहेर पडलेला पशुवैद्यक शहरात दवाखाना थाटतो तेव्हा त्याच्या डोक्यावर काय असतं, तेही पाहिलं पाहिजे. गाळ्याचं भाडं, व्यावसायिक दराची वीज, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या यंत्रांचे हप्ते, चावे सोसणारे मदतनीस. त्याच्या रुग्णाला कुठली सरकारी योजना नाही. पाळीव कुत्र्याचा विमा काही कंपन्या देतात, पण तो काढलेली घरं अजून थोडीच. म्हणजे यंत्राचा प्रत्येक रुपया समोर बसलेल्या माणसाच्या खिशातूनच यायचा.

त्यात उधारी. ‘सर, जीपे करतो घरी गेल्यावर’ म्हणून गेलेले सगळे करत नाहीत. रस्त्यावरची जखमी जनावरं आणणारी माणसं मनानं मोठी असतात, पण खर्च डॉक्टरनं सोसावा अशी अपेक्षा पुष्कळदा करतात, आणि बरेच डॉक्टर तो सोसतातही. मग ते नुकसान इतर बिलांत मिसळतं. काही दवाखान्यांत तपासणी फी मुद्दाम कमी ठेवून औषध आणि इंजेक्शनांवर भागवलं जातं. गोळ्यांच्या पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते, पण मोठ्या बाटलीतून सिरिंजमध्ये ओढलेल्या दोन मिली औषधाची किंमत मालकाला कधीच दिसत नाही. परिणाम असा की डॉक्टरच्या ज्ञानाला आणि वेळेला कमी मोल आणि सुईला जास्त, असा हिशेब लोकांच्या डोक्यात पक्का होतो. ‘नुसतं बघितलं, आणि तीनशे घेतले’ ही तक्रार यातूनच येते. फी नीट लिहून ठेवली तर या बघण्यालाच पैसे असतात, हे लोकांना पटायला सुरुवात तरी होईल.

काय लिहिता येईल

सगळं लिहिता येणार नाही. अपघात होऊन आलेल्या मांजराच्या आत काय तुटलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. पण रोजच्या कामातला मोठा भाग ठरीव असतो. तपासणी फी, रात्रीची आणि घरी येऊन पाहण्याची फी, रेबीज आणि ‘नाइन इन वन’ लस, जंतनाशक, नखं, टाके काढणं, रक्ताची साधी तपासणी, एक्स-रेची एक प्लेट, वजनाप्रमाणे नसबंदी आणि तिच्यात काय धरलंय, दाखल केल्यास एका दिवसाचे किती, आणि मरणानंतर दहनाची सोय असेल तर तिचे किती. एका साध्या फ्लेक्सवर मावेल एवढंच हे आहे. दहनाचा दर तर आधीच लिहिलेला हवा, कारण त्या क्षणी कोणीही विचारण्याच्या स्थितीत नसतो.

अनिश्चित उपचारांसाठी टप्प्याटप्प्याचा लेखी अंदाज हवा. आज हे करू, इतके होतील, उद्या रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवू. आणि अंदाजाच्या वर जायची वेळ आली तर आधी फोन. गोचीड तापासारख्या आजारात, जिथे आधी रक्त तपासायचं, मग प्लेटलेट किती खाली आहेत त्यावर पुढचं ठरायचं, तिथे ही पद्धत सहज बसते. चांगले डॉक्टर हे आजही तोंडी करतातच. ते कागदावर आणायचं आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेला आचारसंहितेत एक कलम घालता येईल, जसं माणसांच्या डॉक्टरांसाठी २००२ मध्ये घातलं गेलं. नागपूरला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद आहे. तिनं आपल्या नोंदणीकृत डॉक्टरांना दरफलकाचा एक नमुना दिला, तरी सुरुवात होईल. पशुवैद्यकांच्या संघटनांनी ते आपणहून केलं तर अधिकच चांगलं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. पुढच्या वेळी लशीला गेलात की आधी विचारा, एकूण किती होतील आणि त्यात काय काय आलं. मोठा उपचार असेल तर कागदावर अंदाज मागा. लशीच्या बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घेता तसं बिलही मागून घ्या आणि कार्डासोबत ठेवा. प्राण्यांच्या दवाखान्याची सेवा जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे बिल घेतलं तर कर लागेल हे कारण तिथे लागू होत नाही. आणि दिलेल्या सेवेचं बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.